अर्धा लंडनचा, अर्धा फोर्टचा: जॉर्ज हॅरिसनच्या विसरलेल्या अल्बमची गोष्ट

एप्रिल २०२८मध्ये बीटल्सवर चित्रपट येतोय. एक नाही, चार! दिग्दर्शक सॅम मेंडिस. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या नजरेतून एकेक चित्रपट. ही बातमी आल्यापासून एक प्रश्न कानावर येतो: एकाच बँडची गोष्ट चारदा कशाला सांगायची? सगळं मिळूनच तर केलं ना त्यांनी?

मिळून केलं, पण सगळं नाही. जॉर्जने एकट्याने केलेल्या एका कामाकडे पाहिलं की चार चित्रपटांची गरज पटायला लागते. १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये त्याचा ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अल्बम आला. बीटल्स फुटायला अजून जवळपास दीड वर्ष होतं. चौघांपैकी कुणीही स्वतःच्या नावाने काढलेला हा पहिला अल्बम. आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आहे. सरोद, सनई, संतूर, सूरबहार, पखवाज. वाजवणारे सगळे आपले.

तरीही बीटल्सची गाणी तोंडपाठ असणाऱ्यांना विचारा, दहातल्या नऊ जणांनी हा अल्बम एकदाही पूर्ण ऐकलेला नसतो. माझं म्हणणं असं की लोक त्यात जे शोधायला जातात ते त्यात नाहीच, आणि जे आहे ते ओळखायची सोय कुणी करून दिली नाही. ती सोय इथे करून पाहतो.

सोलो अल्बम म्हणजे नेमकं काय?

बँड म्हणजे एकत्र कुटुंब. घरात चार कर्ते, पण पाटी एकच. कोणाचं गाणं घ्यायचं, कोण गाणार, अल्बममध्ये कोणाच्या वाट्याला किती जागा, हे सगळं घरात ठरतं, आणि जे थोरले असतात त्यांचं जास्त चालतं. बीटल्समध्ये थोरले दोघे, लेनन आणि मॅकार्टनी. १९६७च्या ‘सार्जंट पेपर’वर जॉर्जचं गाणं एकच आहे. पुढच्या वर्षीच्या, पांढऱ्या कव्हरमुळे ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडअल्बमवर तीसपैकी चार.

सोलो अल्बम म्हणजे त्या घरात राहून किंवा घर सोडून मांडलेली वेगळी चूल. नाव एकट्याचं, जबाबदारीही एकट्याची. बहुतेक वेळा त्या चुलीवर काय शिजतं तेही ठरलेलं: घरात ज्यांना जागा मिळाली नाही ती गाणी. गळा तोच, गिटार तीच, फक्त शेजारी बाकीचे तिघे नाहीत.

‘वंडरवॉल म्युझिक’चा घोळ इथेच सुरू होतो. त्यात लहानमोठे १९ तुकडे आहेत आणि जॉर्जच्या आवाजातलं गाणं एकही नाही. ज्याला शिल्लक राहिलेली गाणी हवीत त्याच्या हाती काहीच लागत नाही. हा अल्बम म्हणजे एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत आहे.

हा चित्रपट कोणता?

‘वंडरवॉल’ नावाचा. दिग्दर्शक जो मॅसॉट. एक विसरभोळा शास्त्रज्ञ, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा. एके दिवशी त्याला घराच्या भिंतीत भोक सापडतं आणि पलीकडे राहणारी तरुण मॉडेल दिसते. तिचं नाव चक्क पेनी लेन, बीटल्सच्याच एका गाण्याचं. ती भूमिका जेन बर्किनची, शास्त्रज्ञाची जॅक मॅकगोरन यांची. मग हा माणूस एकामागून एक भोकं पाडत सुटतो. गोष्ट एवढीच. आजच्या प्रेक्षकाला हे चोरून पाहणं खटकेल, आणि खटकायलाच हवं.

पण संगीतकाराच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट होती: संवाद जवळजवळ नाहीत. माणसं बोलत नसतील तर बोलायचं काम संगीतावर येतं. शिवाय मॅसॉटने जॉर्जला सांगितलं होतं, तू जे देशील ते मी घेईन. चोवीस वर्षांच्या, घरात धाकटं ठरलेल्या मुलाला असं कोणी म्हणालं तर तो काय करेल?

त्याने ठरवलं की या निमित्ताने भारतीय संगीताची एक छोटी ओळखवही बनवायची. सतारीपुरतंच भारतीय संगीत माहीत असलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना बाकीची वाद्यंही ऐकवायची. हा हेतू त्याने पुढे स्वतःच सांगितला.

कामाची पद्धत शिंप्याची होती. चावीचं स्टॉपवॉच घेऊन तो स्टुडिओत चित्रपट पाहायचा, कुठला प्रसंग किती सेकंदांचा ते वहीत टिपायचा, आणि त्या मापाने तुकडा बेतायचा. अल्बममधले बरेचसे तुकडे दीड-दोन मिनिटांतच का संपतात याचं कारण हे. कापड तेवढंच होतं.

फोर्टमधला स्टुडिओ

जॉर्ज मुंबईला नवखा नव्हता. १९६६च्या सप्टेंबरमध्ये तो पं. रविशंकरांकडे सतार शिकायला इथे येऊन गेला होता. तेव्हा रियाजात त्याला मदत करणारे रविशंकरांचे शिष्य शंभू दास १९६८च्या जानेवारीतही पुढे झाले आणि वादक जमवायला त्यांचा हात लागला.

जमलेल्यांची नावं पाहा. सरोदवर आशिष खाँ, म्हणजे उस्ताद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव आणि बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. तबला-पखवाजावर अली अकबरांचे साथीदार महापुरुष मिश्र. संतूरवर शिवकुमार शर्मा, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचे. तारशहनाईवर विनायक व्होरा, पेटी आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. बासरीवर एस. आर. केंकरे आणि सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. ही शेवटची दोन आडनावं वाचून कोकणातल्या वाचकाची मान जराशी ताठ झाली तर मी समजू शकतो. सनईवादकांपैकी एकाचं नाव कव्हरवर ‘हनुमान जादेव’ असं छापलंय. मराठी कानाला ते जाधवच वाटतं.

आता यंत्राची गोष्ट, कारण तिच्यावाचून या ध्वनिमुद्रणाचा पोत कळत नाही. तेव्हा मुंबईच्या त्या स्टुडिओत मोनो यंत्र होतं. मोनो म्हणजे एकाच रकान्याची वही. सगळ्यांचा आवाज एकाच रकान्यात, एकमेकांत मिसळून. नंतर पखवाज जरा कमी करू म्हटलं तर सोय नाही, कारण तो सरोदपासून वेगळा काढताच येत नाही. लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत त्या काळी चार रकान्यांचं, म्हणजे चार ट्रॅकचं यंत्र होतं, आणि जॉर्जला त्याची सवय. तेव्हा ‘ईएमआय’ या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या भारतातल्या शाखेतले भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आगगाडीने मुंबईत आणवलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले.

दोन रकाने म्हणजे चैन नव्हे. बहुतेक काम सगळ्यांनी एकत्र बसून, एका दमात वाजवूनच करावं लागतं. पण त्यामुळेच मुंबईच्या तुकड्यांत एक मोकळी हवा आहे, जी लंडनच्या तुकड्यांत नाही. वादक एकमेकांकडे बघत वाजवताहेत हे कळतं.

मग यात जॉर्ज आहे कुठे?

हा आक्षेप सगळ्यात जुना आणि वरवर पाहता सगळ्यात बिनतोड. सरोद आशिष खाँचा, पखवाज मिश्रांचा, गिटार-पियानोचे बरेच तुकडे लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ या बँडने वाजवलेले. वाद्यमेळाच्या लिखापढीला जॉन बॅरम होता, पाश्चात्त्य आणि भारतीय दोन्ही संगीत शिकलेला पियानोवादक. मग जॉर्जने केलं काय?

हा प्रश्न आपल्याकडे खरं तर पडायलाच नको. हिंदी-मराठी चित्रपटांचा संगीतकार स्वतः सतार वाजवत नाही, गात नाही, व्हायोलिनच्या ताफ्यात बसत नाही. तरी संगीत त्याचं, हे आपण बिनतक्रार मान्य करतो. कोणतं वाद्य, कोणता भाव, कुठे सुरू, कुठे बंद, कोणत्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या, हे निर्णय म्हणजेच त्याचं काम. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याला मात्र त्या काळी कलाकार म्हणजे स्वतः गाणारा आणि वाजवणारा एवढंच ठाऊक. त्याने कव्हरवर जॉर्जचं नाव पाहिलं, आत जॉर्जचा गळा शोधला, सापडला नाही, रेकॉर्ड मांडणीवर ठेवून दिली. आपण मराठी श्रोते हा अल्बम त्यांच्यापेक्षा जास्त सहज ऐकू शकतो असं मला वाटतं. आपल्याला संगीतकार नावाचा प्राणी लहानपणापासून माहीत आहे.

त्या निर्णयांचे दोन नमुने. पहिला, ‘लव्ह सीन’. इथे आशिष खाँचा सरोद दोनदा आहे. आधी एकदा वाजवून घेतला, मग तोच ऐकत त्यावर दुसऱ्यांदा वाजवून घेतला. याला ओव्हरडबिंग म्हणतात. लंडनमध्ये ही रोजची गोष्ट, पण भारतीय शास्त्रीय वादकाकडून स्वतःशीच जुगलबंदी करवणं ही कल्पना तेव्हा नवी होती. एक सरोद विचारतो, दुसरा जरा थांबून उत्तर देतो. पडद्यावर प्रेमप्रसंग आहे, आणि तो पाहणारा भिंतीआडचा माणूस एकटाच आहे. एकटाच माणूस दोघांचं बोलणं वाजवतोय, हे त्या प्रसंगाला किती चपखल बसतं!

दुसरा, ‘ड्रीम सीन’. साडेपाच मिनिटांच्या आसपास, अल्बममधला सगळ्यात लांब तुकडा. यात भारतीय गाणं आहे, उलट्या फिरवलेल्या टेप आहेत आणि टेप लूप आहेत. लूप म्हणजे टेपचा तुकडा कापून त्याची दोन्ही टोकं चिकटवायची. मग तो रहाटासारखा फिरत राहतो आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो. असले प्रयोग म्हटलं की बीटल्सचे चाहते ‘व्हाइट अल्बम’वरच्या ‘रेव्होल्यूशन ९’चं नाव घेतात, आणि श्रेय लेननला जातं. ‘ड्रीम सीन’ त्याच्या काही महिने आधीचं आहे.

पण पहिला मान पॉलचा ना?

जाणकार वाचक इथे अडवतील. १९६६च्या ‘द फॅमिली वे’ या चित्रपटाचं संगीत पॉल मॅकार्टनीचं, आणि त्याची रेकॉर्ड १९६७च्या जानेवारीत आली. मग जॉर्ज पहिला कसा?

ती रेकॉर्ड निघाली ‘द जॉर्ज मार्टिन ऑर्केस्ट्रा’ या नावाने. पॉलने सुरावट दिली, ती फुलवून वाद्यमेळाकडून वाजवून घेतली बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी. त्यामुळे बँडबाहेर चित्रपटासाठी पहिली चाल कुणी दिली असं विचाराल तर पॉल. स्वतःच्या नावावर, सगळी सूत्रं हातात ठेवून पहिला अल्बम कुणी केला असं विचाराल तर जॉर्ज. यापलीकडे या वादात फारसा दम नाही.

दुर्लक्ष का झालं?

कारणं एकावर एक रचत गेली.

पहिलं म्हणजे चित्रपटच चालला नाही. मे १९६८मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पण वितरणाची गाडी अडली आणि लंडनमध्ये तो लागला जानेवारी १९६९मध्ये. म्हणजे पार्श्वसंगीत आधी बाजारात, ज्याच्या पार्श्वभूमीला ते वाजायचं तो चित्रपट मागाहून, तोही मोजक्या लोकांपुरता. लग्नाची वरात येऊन गेली आणि मग पत्रिका हातात पडली, तसं झालं.

दुसरं, तारीख. अल्बम आला १ नोव्हेंबरला. २२ नोव्हेंबरला बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला, तीस गाण्यांचा. २९ला लेनन आणि योको ओनो यांचा ‘टू व्हर्जिन्स’, ज्याच्या कव्हरवर दोघे विवस्त्र. वर्तमानपत्रांना महिनाभराचं खाद्य मिळालं. या दोन्हींच्या मध्ये सनई कोणाला ऐकू येणार? तिन्ही रेकॉर्ड एकाच कंपनीच्या, बीटल्सनी स्वतः काढलेल्या ‘ॲपल’च्या, आणि ‘वंडरवॉल म्युझिक’ हा त्या कंपनीचा पहिलावहिला अल्बम. घरच्याच दोन पंक्ती लागोपाठ उठल्या आणि पहिल्या पाहुण्याला कोणी पाणीही विचारलं नाही.

ॲपल स्वतःची नसती तर हा अल्बम निघालाच नसता, हेही खरं. दुसऱ्या कोणत्याही कंपनीने आधी विचारलं असतं: गाणं कुठाय? शिवाय खर्च. जॉर्जने नंतर सांगितल्याप्रमाणे संगीतासाठी ६०० पौंड ठरले होते आणि प्रत्यक्षात लागले १५ हजार. वरचा भार त्याने स्वतः उचलला.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कप्प्याचं. रेकॉर्डच्या दुकानात हा अल्बम कुठे ठेवायचा? रॉकमध्ये ठेवावा तर पहिलाच तुकडा दोन सनयांचा. भारतीय संगीतात ठेवावा तर मधेच काउबॉय सिनेमातल्यासारखा माउथऑर्गन आणि जुनाट बारमधला पियानो. चित्रपट संगीतात ठेवावा तर चित्रपटच कोणी पाहिलेला नाही. अमेरिकेत तो खपाच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत पोचला, इंग्लंडमध्ये यादीतच आला नाही.

त्यानंतर जॉर्जचा दुसरा एकट्याचा अल्बम १९६९च्या मेमध्ये आला तो मूग सिंथेसायझरच्या, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या वाद्याच्या, आवाजांचा. त्यातही गाणं नाही. मग नोव्हेंबर १९७०मध्ये ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन रेकॉर्डचा भलामोठा संच आला, जगभर वाजला, आणि जॉर्जचं एकट्याचं काम इथून सुरू होतं असं लोकांनी ठरवून टाकलं. आधीचे दोन्ही अल्बम प्रस्तावनेत जमा.

वर कडी म्हणजे १९९५मध्ये ओअॅसिस या ब्रिटिश बँडने आपल्या गाण्याला याच अल्बमवरून नाव दिलं, आणि आज ‘वंडरवॉल’ म्हटलं की जगाला तेच गाणं आठवतं. नावसुद्धा राहिलं नाही बिचाऱ्याकडे.

संगीत आपलं, नाव त्याचं?

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न पडणारच, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. अल्बममधल्या प्रत्येक तुकड्यापुढे रचनाकार म्हणून जॉर्ज हॅरिसन हेच नाव आहे. ‘गत किरवाणी’ही त्याच्याच नावावर. राग किरवाणी काय लिव्हरपूलमध्ये जन्मला?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. राग ही कोणाची मालमत्ता नसते. ओवीचं उदाहरण घ्या. ओवीचा साचा कोणाच्याही मालकीचा नाही. ज्ञानेश्वरांनी त्यात लिहिलं आणि जात्यावर बसलेल्या बाईनेही त्यात गायलं. पण त्या साच्यात बांधलेली अमुक एक ओवी ही कोणाची तरी असते. राग हा साचा, गत किंवा बंदिश ही त्यात बांधलेली ओवी. तेव्हा किरवाणी रागात कोणीही काही बांधलं तर ते त्याचं, यात गैर काही नाही.

तिसरी गोष्ट मात्र अवघड: उपज. आपला वादक बांधलेलं तेवढंच वाजवून उठत नाही, तो जागच्या जागी वाढवतो, सजवतो, वळवतो. आशिष खाँनी त्या दिवशी सरोदवर जे सुचून वाजवलं ते कोणाचं? पाश्चात्त्य पद्धतीत गाण्यावर दोन निराळे हक्क असतात, एक रचनेवर आणि एक ध्वनिमुद्रणावर. वाजवायला बोलावलेल्या वादकाला साधारणपणे ठरलेली बिदागी मिळते आणि रचनेच्या हक्कात त्याचा वाटा नसतो. त्या कोष्टकात ‘रचना’ असा एक रकाना आहे, ‘उपज’ असा रकानाच नाही. जिथे संगीताचा निम्मा प्राण उपजेत असतो, तिथे हे कोष्टक तोकडं पडतं. दोष एकट्या जॉर्जचा म्हणता येणार नाही, पण ‘गत किरवाणी’पुढे फक्त त्याचं नाव वाचताना मला अवघडल्यासारखं होतं, ते होतंच.

दुसऱ्या पारड्यात टाकण्यासारखंही काही आहे. कव्हरवर मुंबईच्या वादकांची नावं छापली आहेत, वाकडी का होईना. आपल्याच चित्रपटसृष्टीत त्या काळी वाद्यवृंदातल्या माणसाचं नाव रेकॉर्डवर कितीदा यायचं? गंमत म्हणजे लंडनच्या बाजूला ‘स्कीइंग’ या तुकड्यात गिटार वाजवणारा एरिक क्लॅप्टन ओळखला गेला ‘एडी क्लेटन’ या टोपणनावाने. त्या काळी मोठ्या कलाकारांचे करार त्यांच्या त्यांच्या कंपन्यांशी असत, त्यामुळे दुसऱ्याच्या रेकॉर्डवर वाजवायचं तर नाव लपवावं लागे. जगप्रसिद्ध गिटारवादक बुरख्यात आणि बासरीवाले केंकरे उघड्यावर, असा हा उलटा प्रकार.

कव्हरवरच्या चित्राचंही सांगतो. चित्रकार बॉब गिल यांनी मधोमध विटांची भिंत काढली: एका बाजूला गोल टोपीतला काळ्या कोटाचा माणूस, दुसरीकडे जलक्रीडा करणाऱ्या भारतीय स्त्रिया. जॉर्जने एवढंच सुचवलं की भिंतीतली एक वीट काढा, त्या माणसाला पलीकडे जायची थोडी तरी आशा राहू दे.

पुढे त्याचं काय झालं?

मुंबईतल्या त्याच दिवसांत आणखी एका गाण्याचं संगीत ध्वनिमुद्रित झालं. चित्रपटाशी त्याचा संबंध नव्हता. त्यात बासरीवर हरिप्रसाद चौरसियाही होते. जॉर्ज ती टेप घेऊन लंडनला गेला, फेब्रुवारीत त्यावर आवाज चढवला, आणि १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’ या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘दि इनर लाइट’ म्हणून ते गाणं आलं. बीटल्सच्या एकेरी रेकॉर्डवर जॉर्जचं गाणं येण्याची ही पहिली वेळ. शब्द चिनी ‘ताओ ते चिंग’वरून घेतलेले, आणि ते त्याला सुचवले केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मस्कारो यांनी. चीनचं तत्त्वज्ञान, संस्कृतच्या प्राध्यापकाकडून, लिव्हरपूलच्या पोराच्या गळ्यातून, फोर्टमधल्या साथीवर.

तेव्हा मॅकार्टनीने या गाण्याचं कौतुक केलं ते असं: त्यातलं भारतीय संगीत विसरा आणि चाल ऐका, चाल सुंदर आहे. मनापासून केलेलं कौतुक आहे, त्यात शंका नाही. पण ‘वंडरवॉल म्युझिक’ का हरवला याचं उत्तर त्या एका वाक्यात मिळतं. या अल्बममध्ये भारतीय संगीत विसरायचं म्हटलं तर हातात राहतं काय?

त्या वर्षातच जॉर्जने सतार बाजूला ठेवली. खऱ्या सतारवादकांच्या तोडीला आपण पोचणार नाही हे त्याला कळलं आणि तो गिटारकडे परतला. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. वाजवणं सोडलं, पण वाजवणाऱ्यांची सोबत सोडली नाही. १९७१च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी झालेल्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ आधी बसले, रॉकवाले नंतर. १९७४मध्ये त्याने रविशंकरांबरोबर भारतीय वादकांचा अख्खा ताफा अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. त्यात शिवकुमार शर्मा होते, रिजराम देसादही होते. फोर्टमध्ये जुळलेली मंडळी सहा वर्षांनी अमेरिकेच्या मोठमोठ्या सभागृहांत वाजवत होती.

ऐकायचं कुठून सुरू करू?

पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू नका, कंटाळाल. अल्बम एकसंध नाही, आणि चाहते काहीही म्हणोत, लंडनचे काही तुकडे आज नुसते भरतीचे वाटतात. ‘ड्रिलिंग अ होम’ तर मी दरवेळी पुढे ढकलतो.

‘मायक्रोब्स’पासून सुरू करा. दोन सनया, पण मंगल कार्याच्या नव्हेत. इतकी उदास सनई आपल्याही कानाला सवयीची नाही. मग ‘लव्ह सीन’. मग ‘क्राइंग’. तिथे विनायक व्होरांची तारशहनाई आहे. गजाने वाजवायच्या तंतुवाद्याला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे आवाज माणसाच्या हुंदक्याच्या अगदी जवळ जातो. ‘इन द पार्क’मध्ये सूरबहार आणि संतूर शेजारी शेजारी ऐका. ‘ड्रीम सीन’ रात्रीसाठी ठेवा. २०१४मध्ये आलेल्या आवृत्तीत ‘दि इनर लाइट’ची नुसती वाद्यांची प्रत आहे. जॉर्जचा आवाज चढण्याआधी फोर्टमध्ये काय वाजलं ते तिच्यात कळतं.

आणि हेडफोन लावा. तो स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर होता आणि बाहेरचा आवाज अडवायची सोय नव्हती. जॉर्जने नंतर सांगितलंय की नीट कान दिला तर मुंबईच्या तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पायांचा असा धडधडाट व्हायचा, की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. बीटल्सपैकी एक, सरोद घेतलेले आशिष खाँ, कलकत्त्याहून आलेलं यंत्र, सगळे गप्प बसून फोर्टची गर्दी घरी जायची वाट बघताहेत. मला एकदा एक टॅक्सी ऐकू आली. ती रेकॉर्डमधली होती की माझ्या खिडकीखालची, यावर घरात अजून एकमत नाही.